क्यूटी ॲप्लिकेशनसोबत लागणाऱ्या लायब्ररी आपोआप जोडणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सी++ आणि क्यूटी (खिडक्या-बटणांचे प्रोग्राम लिहिण्याचा लायब्ररीसंच) वापरून डेस्कटॉप ॲप्लिकेशन करणाऱ्यांसाठी हे पान आहे. भर विंडोजवर आहे, कारण सर्वाधिक प्रश्न तिथलेच येतात. मॅक आणि लिनक्सबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे. फाइली, कमांड आणि पर्याय यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना मात्र ती रोमनमध्येच टाइप करायची. पर्यायाच्या नावाआधी, वेगळं सांगितलं नसेल तर, दोन जोडरेघा धरा.

माझ्या मशीनवर प्रोग्राम चालतो, दुसरीकडे उघडतच नाही. असं का?

कंपाइल झालेल्या एक्सई फाइलमध्ये फक्त तुमचा कोड असतो. खिडक्या, बटणं, नेटवर्क हे सगळं क्यूटीच्या वेगळ्या डीएलएल फाइलींत (प्रोग्राम चालताना जोडल्या जाणाऱ्या लायब्ररी) राहतं आणि एक्सईमध्ये त्यांची नुसती नावं नोंदलेली असतात. प्रोग्राम सुरू होताना विंडोज ती नावं घेऊन शोधाशोध करतं: आधी एक्सई ज्या फोल्डरात आहे तिथे, मग सिस्टम३२ मध्ये, मग विंडोज फोल्डरात, मग चालू फोल्डरात, आणि सगळ्यात शेवटी ‘पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधल्या यादीत. तुमच्या मशीनवर क्यूटी आहे, शिवाय क्यूटी क्रिएटर प्रोग्राम चालवताना क्यूटीचं बिन फोल्डर पाथमध्ये स्वतःच घालतं, म्हणून सगळं सापडतं. ज्याला नुसती एक्सई पाठवली त्याच्याकडे यातलं काहीच नसतं.

यासाठी नेमकं कोणतं टूल वापरायचं?

विंडोजवर विनडिप्लॉयक्यूटी (क्यूटी ५.२ पासून सोबत येतं), मॅकवर मॅकडिप्लॉयक्यूटी. लिनक्ससाठी क्यूटीसोबत असं वेगळं टूल येत नाही; तिथे लिनक्सडिप्लॉय आणि त्याचं क्यूटी प्लगइन वापरतात. सीमेक (बिल्डची मांडणी करणारं टूल) वापरत असाल तर क्यूटी ६.३ पासून इन्स्टॉलच्या पायरीतच हे काम उरकता येतं, त्याबद्दल पुढे.

तिन्ही टूल्स दोन कामं करतात. पहिलं, बायनरीतली आयात-यादी (लागणाऱ्या लायब्ररींच्या नावांची नोंद) वाचायची, त्यातल्या प्रत्येक लायब्ररीची आयात-यादी वाचायची, आणि सापडेल ते कॉपी करायचं (विनडिप्लॉयक्यूटी मात्र फक्त क्यूटीच्या आणि कंपायलरच्या फाइली घेतं). हे काम चोख होतं. दुसरं, प्रोग्राम चालू असताना मागाहून ज्या फाइली उचलेल त्यांचा अंदाज बांधायचा. कारण प्लगइन, क्यूएमएल (इंटरफेस लिहिण्याची क्यूटीची भाषा) मॉड्यूल, डेटाबेस ड्रायव्हर यांची नावं आयात-यादीत नसतातच. या पानावरच्या बहुतेक तक्रारी या दुसऱ्या कामातून आलेल्या आहेत.

विनडिप्लॉयक्यूटी चालवायचं कसं?

१. रिलीज बिल्ड करा. तयार झालेली एक्सई, समजा हिशोब.एक्सई, एका रिकाम्या फोल्डरात ठेवा. बिल्ड फोल्डरातच टूल चालवलं तर ऑब्जेक्ट फाइली आणि मेकफाइलींच्या पसाऱ्यात काय पाठवायचं हेच कळत नाही.

२. ज्या किटने (क्यूटी आणि कंपायलर यांची जोडी) बिल्ड केलं त्याच किटचा कमांड प्रॉम्प्ट स्टार्ट मेनूतून उघडा. एमएसव्हीसी (मायक्रोसॉफ्टचा कंपायलर) असेल तर त्यातच व्हीसीव्हार्स६४.बॅट चालवा.

३. ‘व्हेअर विनडिप्लॉयक्यूटी’ अशी कमांड देऊन सगळ्यात वर कोणता पत्ता दिसतो ते बघा. हे टूल ज्या क्यूटीसोबत आलं त्याच क्यूटीच्या फाइली कॉपी करतं. पायथॉनच्या एखाद्या वितरणाने स्वतःचं क्यूटी आणलेलं असेल आणि ते पाथमध्ये आधी असेल, तर प्रोग्राम एका आवृत्तीचा आणि डीएलएल दुसऱ्या आवृत्तीच्या, अशी खिचडी होते.

४. आधी ‘ड्राय-रन’ पर्याय देऊन चालवा. काहीही कॉपी न करता काय-काय कॉपी होणार ते दिसतं. मग तो पर्याय काढून, ‘रिलीज’ हा पर्याय आणि एक्सईचा पूर्ण पत्ता देऊन पुन्हा चालवा.

साध्या विजेट्स ॲप्लिकेशनला एक्सईशेजारी क्यूटी६कोर, क्यूटी६जीयूआय, क्यूटी६विजेट्स, बहुधा क्यूटी६एसव्हीजीही, आणि प्लॅटफॉर्म्स, स्टाइल्स, इमेजफॉरमॅट्स, आयकॉनइंजिन्स, ट्रान्सलेशन्स ही फोल्डरं दिसली पाहिजेत. ही फोल्डरं जशी आहेत तशीच ठेवायची. त्यांतल्या डीएलएल बाहेर काढून सगळ्या एका ठिकाणी ठेवण्याचा नीटनेटकेपणा अंगाशी येतो.

‘नो क्यूटी प्लॅटफॉर्म प्लगइन कुड बी इनिशियलाइज्ड’ असा संदेश येतो. काय करू?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. खिडकी पडद्यावर काढण्याचं प्रत्यक्ष काम क्यूविंडोज.डीएलएल हे प्लगइन करतं. क्यूटी ते प्रोग्राम सुरू झाल्यावर, एक्सईशेजारच्या प्लॅटफॉर्म्स फोल्डरातून उचलतं. संदेशात ‘ॲप्लिकेशन पुन्हा इन्स्टॉल करून बघा’ असा सल्लाही असतो; इन्स्टॉलरमध्येच फाइल नसेल तर त्याचा काय उपयोग? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. कारणं या क्रमाने तपासा:

पहिलं, प्लॅटफॉर्म्स फोल्डर आहे का, आणि त्याच्या नावात चूक नाही ना. प्लॅटफॉर्म असं एकवचनी नाव चालत नाही.

दुसरं, क्यूविंडोज.डीएलएल आणि क्यूटी६कोर.डीएलएल एकाच आवृत्तीच्या आहेत का. दोन्हींवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डीटेल्स. तिथे आकडे जुळले पाहिजेत.

तिसरं, फाइल आहे पण तिला लागणारी दुसरी डीएलएल नाही. अशा वेळी क्यूटीचा संदेश बऱ्याचदा फसवा असतो: ‘प्लगइन सापडलं, पण लोड झालं नाही’ असं म्हणतो. त्यातला ‘सापडलं’ हा शब्द महत्त्वाचा. फाइल जागेवर आहे, तिच्या पोटातलं काहीतरी कमी आहे.

चौथं, ग्राहकाच्या मशीनवर क्यूटी_प्लगइन_पाथ हे व्हेरिएबल दुसऱ्याच कुठल्या सॉफ्टवेअरने बसवून ठेवलंय का. तसं असेल तर तुमचा प्रोग्राम त्याची प्लगइन्स उचलायला जातो.

नेमकं कारण हवं असेल तर क्यूटी_डीबग_प्लगइन्स या व्हेरिएबलला १ किंमत देऊन कमांड प्रॉम्प्टमधून प्रोग्राम चालवा आणि एरर प्रवाह एखाद्या टेक्स्ट फाइलीत वळवा. प्रत्येक फोल्डरात क्यूटीने काय शोधलं, काय नाकारलं आणि का, हे ओळीने लिहून येतं. फाइल रिकामीच राहिली तर क्यूटी_फोर्स_एसटीडीईआरआर_लॉगिंग यालाही १ द्या. विंडोजवर खिडकीवाल्या प्रोग्रामचे संदेश एरवी डीबगरकडे जातात.

शेवटी ‘डी’ अक्षर असलेल्या डीएलएल कॉपी झाल्या. चालतील का?

त्या डीबग बिल्डच्या आहेत: क्यूटी६कोर ऐवजी क्यूटी६कोरडी. त्यांना मायक्रोसॉफ्टचं डीबग रनटाइम लागतं, ते व्हिज्युअल स्टुडिओ नसलेल्या मशीनवर नसतं आणि त्याचं वाटप करायला परवानाही नाही. रिलीज बिल्ड करा. मिंगडब्ल्यूच्या (विंडोजवरचा जीसीसी कंपायलर) बिल्डमध्ये डीबगची चिन्हं शिल्लक असली की टूलचा अंदाज चुकू शकतो, म्हणून ‘रिलीज’ पर्याय हाताने द्यायची सवय बरी.

क्यूटीच्या सगळ्या फाइली आहेत, तरी व्हीसीरनटाइम१४० मिळत नाही म्हणतं.

ती क्यूटीची नाही, कंपायलरची लायब्ररी आहे. एमएसव्हीसी वापरला असेल तर व्हीसीरनटाइम१४०, व्हीसीरनटाइम१४०_१ आणि एमएसव्हीसीपी१४० या तीन लागतात. व्हीसीइन्स्टॉलडीआयआर हे व्हेरिएबल बसवलेलं असेल (व्हीसीव्हार्स६४ ते बसवतं) तर विनडिप्लॉयक्यूटी या सुट्ट्या फाइलींऐवजी व्हीसी_रीडिस्ट.एक्स६४.एक्सई हा मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉलर तुमच्या फोल्डरात आणून ठेवतं. इथे लोक फसतात: तो नुसता फोल्डरात पडून राहिला तर काहीच होत नाही. तुमच्या इन्स्टॉलरने तो ‘इन्स्टॉल’, ‘क्वाएट’ आणि ‘नोरीस्टार्ट’ हे पर्याय देऊन (इथे जोडरेघा नव्हेत, प्रत्येकाआधी एक तिरकी रेघ) चालवायला हवा.

मिंगडब्ल्यू असेल तर लिबजीसीसी_एस_एसईएच-१, लिबएसटीडीसी++-६ आणि लिबविनपीथ्रेड-१ या तीन फाइली एक्सईशेजारी हव्यात. ‘कंपायलर-रनटाइम’ पर्यायाने त्या येतात. त्या ज्या कंपायलरने बिल्ड केलं त्याच्याच असाव्यात; दुसऱ्या मिंगडब्ल्यूच्या चालल्यासारख्या वाटतात आणि मग भलत्याच ठिकाणी प्रोग्राम कोसळतो.

विंडोज ७ वर एपीआय-एमएस-विन-सीआरटी अशा नावाने सुरू होणारी फाइल मागितली गेली तर तिथे युनिव्हर्सल सीआरटीचं अपडेट नाही (केबी२९९९२२६). क्यूटी ६ मात्र विंडोज ७ वर चालतच नाही. तो ग्राहक सांभाळायचा असेल तर ५.१५ वरच राहावं लागेल.

नुसता एक आकडा दाखवून प्रोग्राम बंद होतो. त्याचा अर्थ काय?

०एक्ससी००००१३५: कोणती तरी डीएलएल सापडली नाही. ०एक्ससी०००००७बी: ३२ बिट आणि ६४ बिटची सरमिसळ, ६४ बिटच्या एक्सईला कुठून तरी ३२ बिटची डीएलएल मिळाली. ०एक्ससी००००१३९, किंवा ‘प्रोसीजर एन्ट्री पॉइंट’ असा उल्लेख असलेला संदेश: डीएलएल सापडली पण तिच्यात हवं ते फंक्शन नाही, म्हणजे आवृत्ती चुकली.

कोणती फाइल, हे शोधायला डिपेंडन्सी वॉकर या जुन्या टूलच्या नादी लागू नका. एपीआय-एमएस-विन या आभासी नावांची त्याला समज नाही, त्यामुळे विंडोज १० वर ते डझनभर फाइली ‘हरवल्या’ म्हणून सांगतं आणि माणूस त्या इंटरनेटवरून उतरवत बसतो. त्याच धर्तीचं ‘डिपेंडन्सीज’ हे मुक्त स्रोत टूल वापरा. व्हिज्युअल स्टुडिओ असेल तर डंपबिनचा ‘डिपेंडंट्स’ पर्याय (आधी एक तिरकी रेघ) पुरेसा होतो. आणि डीएलएल देणाऱ्या संकेतस्थळांवरून एकही फाइल घेऊ नका. तिची आवृत्ती कोणती, तिच्यात आणखी काय घुसवलंय, सांगता येत नाही.

क्यूएमएलचं ॲप्लिकेशन आहे. खिडकी उघडते पण कोरी, किंवा प्रोग्राम गपचूप बंद होतो.

क्यूएमएल फाइलींतल्या इम्पोर्टच्या ओळी एक्सईच्या आयात-यादीत उतरत नाहीत. ‘क्यूएमएलडीआयआर’ हा पर्याय देऊन तुमच्या प्रकल्पातलं क्यूएमएल फोल्डर दाखवा. मग टूल क्यूएमएलइम्पोर्टस्कॅनर चालवून त्या ओळी वाचतं आणि लागणारी मॉड्यूल्स आणतं. दोन चुका नेहमीच्या. एक, सोर्सऐवजी क्यूटीचंच क्यूएमएल फोल्डर दाखवणं: मग जगातलं प्रत्येक मॉड्यूल येतं आणि शेकडो एमबी भरतात. दुसरी, इम्पोर्टची ओळ कोडमध्ये स्ट्रिंग म्हणून जोडून त्यातून घटक तयार करणं. स्कॅनर अशी स्ट्रिंग वाचू शकत नाही. सोपा उपाय: कधीच न वापरली जाणारी एक क्यूएमएल फाइल त्या फोल्डरात ठेवा आणि तिच्यात ते इम्पोर्ट सरळ लिहा.

ओपनसीव्हीसारख्या बाहेरच्या लायब्ररी टूल का आणत नाही?

कारण विनडिप्लॉयक्यूटी फक्त क्यूटीच्या आणि कंपायलरच्या फाइली बघतं. बाहेरच्या लायब्ररींना ते हात लावत नाही. मॅक आणि लिनक्सवरची टूल्स त्या आणतात, त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो.

सीमेक ३.२१ पासून टार्गेट_रनटाइम_डीएलएल्स हे जनरेटर एक्स्प्रेशन आहे. बिल्डनंतरच्या पायरीत ते वापरून लिंक केलेल्या डीएलएल एक्सईशेजारी कॉपी करता येतात. त्याची मर्यादा अशी की जुन्या पद्धतीच्या शोध-स्क्रिप्ट लायब्ररीला ‘अननोन’ प्रकारात टाकतात, आणि त्या प्रकारच्या डीएलएल या यादीत येत नाहीत. तिथे फाइल कमांडचा गेट_रनटाइम_डिपेंडन्सीज हा प्रकार (३.१६ पासून) प्रत्यक्ष बायनरी वाचून यादी देतो. त्याला एपीआय-एमएस- आणि ईएक्सटी-एमएस- ने सुरू होणारी नावं आणि सिस्टम३२ मधल्या फाइली वगळायला सांगावं लागतं. विसरलात तर विंडोजच्या स्वतःच्या डीएलएलही तुमच्या पॅकेजमध्ये येऊन बसतात.

व्हीसीपीकेजी (सी++ लायब्ररी आणून देणारं टूल) वापरणाऱ्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही, ते बिल्डच्या वेळीच डीएलएल शेजारी आणतं. एमएसवायएस२ (विंडोजवर युनिक्ससारखं शेल आणि पॅकेजं देणारा संच) मधलं क्यूटी वापरणाऱ्यांना मात्र जास्तच पडतो: तिथे क्यूटी स्वतः हार्फबझ, फ्रीटाइप, झेडलिब अशा वेगळ्या डीएलएलवर उभं असतं आणि विनडिप्लॉयक्यूटी त्यांना ‘बाहेरच्या’ समजून सोडून देतं. तिथल्या शेलमध्ये एलडीडी कमांडने एक्सईची आणि प्रत्येक प्लगइनची यादी काढा, त्यात एमएसवायएस२ च्या फोल्डरातल्या ज्या फाइली दिसतील त्या कॉपी करा.

डेटाबेस उघडत नाही, ‘ड्रायव्हर नॉट लोडेड’ म्हणतं.

एसक्यूएललाइट असेल तर एसक्यूएलड्रायव्हर्स फोल्डरात क्यूएसक्यूएललाइट.डीएलएल एवढंच पुरतं, डेटाबेसचं इंजिन तिच्यातच आहे. पोस्टग्रेसक्यूएलला क्यूटीच्या ड्रायव्हरशिवाय लिबपीक्यू.डीएलएल आणि तिच्यामागे येणाऱ्या फाइली, मायएसक्यूएलला लिबमायएसक्यूएल.डीएलएल लागते. या बाहेरच्या आहेत, त्या तुम्हीच एक्सईशेजारी ठेवायच्या. एसक्यूएलड्रायव्हर्स फोल्डरात नव्हे.

एचटीटीपीएस चालत नाही, बाकी सगळं ठीक आहे.

क्यूटी ६.२ पासून टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) हे प्लगइन आहे. एक्सईशेजारी टीएलएस नावाचं फोल्डर आणि त्यात क्यूएसचॅनलबॅकएंड.डीएलएल असेल तर विंडोजची स्वतःची यंत्रणा वापरली जाते, बाहेरचं काही लागत नाही. ओपनएसएसएलच हवं असेल तर त्याच्या दोन डीएलएल लागतात, आणि त्यांची आवृत्ती क्यूटीशी जुळावी लागते: क्यूटी ५.१२.४ पासूनच्या तयार बिल्डना १.१.१, आणि ६.५ पासूनच्यांना ३. नवी म्हणून ३ आणून ५.१५ शेजारी ठेवली तर नावच वेगळं असल्याने ती उचललीच जात नाही.

वेबइंजिन वापरलंय. पान दिसतच नाही.

वेबइंजिन म्हणजे पोटात घेतलेलं क्रोमियम. त्याला स्वतंत्र क्यूटीवेबइंजिनप्रोसेस.एक्सई, रिसोर्सेस फोल्डरातली आयसीयूडीटीएल.डॅट आणि .पाक फाइली, आणि ट्रान्सलेशन्समधलं क्यूटीवेबइंजिन_लोकेल्स हे फोल्डर लागतं. यातलं एक जरी गळलं तरी कोरा चौकोन दिसतो. एमएसव्हीसीचंच बिल्ड लागतं, मिंगडब्ल्यूसाठी वेबइंजिन नाही. आणि त्याची मुख्य डीएलएलच १०० एमबीच्या वर जाते. नुसतं मदतीचं पान दाखवायचं असेल तर इतकं ओझं घेऊ नका, क्यूटेक्स्टब्राउझर पुरतो.

पॅकेज फार मोठं झालं. काय काढता येईल?

ओपनजीएल३२एसडब्ल्यू.डीएलएल ही सॉफ्टवेअर रेंडरर सुमारे २० एमबीची आहे. क्यूएमएल किंवा ओपनजीएल वापरत नसाल तर ‘नो-ओपनजीएल-एसडब्ल्यू’ देऊन बिनधास्त काढा. क्यूएमएल असेल तर थांबा: रिमोट डेस्कटॉपवर, व्हर्च्युअल मशीनमध्ये किंवा जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर कधीकधी तीच कामाला येते. ‘नो-ट्रान्सलेशन्स’ने क्यूटीची स्वतःची भाषांतरं जातात. इमेजफॉरमॅट्समधून न लागणारी प्लगइन्स हाताने काढता येतात. पीएनजीला प्लगइन लागत नाही, जेपीईजी आणि एसव्हीजीला लागतं. स्टाइल्स फोल्डर काढू नका. प्रोग्राम चालेल, पण बटणं विंडोज ९५ च्या काळातली दिसतील.

यूपीएक्सने डीएलएल दाबून लहान करण्याचा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. प्लगइन फाइलींवर तो कधीही वापरू नका. प्लगइन लोड करण्याआधी क्यूटी त्या फाइलीत स्वतःची एक खूण वाचतं. दाबलेल्या फाइलीत ती सापडत नाही आणि पुन्हा वरचा प्लॅटफॉर्म प्लगइनचा संदेश. शिवाय अँटीव्हायरस अशा फाइलींकडे संशयाने बघतात. इन्स्टॉलर फाइली दाबतोच, तेवढं पुरे.

सगळं एकाच एक्सईमध्ये, स्टॅटिक बिल्ड करून, का देऊ नये?

देता येतं. त्यासाठी क्यूटी सोर्समधून ‘स्टॅटिक’ पर्याय देऊन (कॉन्फिगरला इथे एकच जोडरेघ) स्वतः बिल्ड करावं लागतं. अडचण परवान्याची आहे. मोफत क्यूटीची बहुतेक मॉड्यूल्स एलजीपीएल ३ खाली आहेत: वापरणाऱ्याला क्यूटीची बदललेली प्रत घालून प्रोग्राम चालवता आला पाहिजे. डीएलएल असताना हे आपोआप साधतं, फाइल बदलली की झालं. स्टॅटिकमध्ये तुमच्या ऑब्जेक्ट फाइली ग्राहकाला देण्याची तयारी ठेवावी लागते. कोड बंद ठेवायचा असेल तर डीएलएलचाच मार्ग धरा, सोबत परवान्याचा मजकूर ठेवा आणि क्यूटी वापरल्याचं ठळक सांगा. क्यूटी चार्ट्ससारखी काही मॉड्यूल्स मात्र मोफत घेतली तर जीपीएलखाली (स्वतःचा कोडही खुला करायला लावणारा परवाना) येतात, तिथे डायनॅमिक लिंकिंगनेही सुटका नाही.

दर वेळी हाताने न करता सीमेकमध्ये बसवता येईल का?

क्यूटी_जनरेट_डिप्लॉय_ॲप_स्क्रिप्ट ही कमांड टार्गेटचं नाव देऊन लिहा, तिने दिलेली स्क्रिप्ट इन्स्टॉल कमांडला ‘स्क्रिप्ट’ म्हणून द्या. मग सीमेकची इन्स्टॉल पायरी चालवली की प्रोग्राम, लायब्ररी आणि प्लगइन्स एकत्र पडतात. विंडोज आणि मॅकवर ६.३ पासून, लिनक्सवर ६.५ पासून. क्यूएमएलसाठी वेगळी कमांड आहे, क्यूटी_जनरेट_डिप्लॉय_क्यूएमएल_ॲप_स्क्रिप्ट. विजेट्सवाली तिथे वापरली तर क्यूएमएल मॉड्यूल्स येत नाहीत. स्क्रिप्टची ओळ टार्गेटच्या इन्स्टॉल ओळीनंतरच हवी, ओळी लिहिल्या त्याच क्रमाने चालतात.

मॅकवर काय वेगळं?

मॅकडिप्लॉयक्यूटीला एक्सई नव्हे, .ॲप बंडल द्यायचं. लायब्ररी कंटेंट्समधल्या फ्रेमवर्क्स फोल्डरात, प्लगइन्स प्लगइन्स फोल्डरात जातात आणि प्रत्येक बायनरीतले पत्ते बदलून बंडलच्या आतले केले जातात. इथले पर्याय एका जोडरेघेचे: डीएमजी, क्यूएमएलडीआयआर, कोडसाइन.

एसक्यूएल वापरत असाल तर टूल सगळेच डेटाबेस ड्रायव्हर उचलतं आणि मग लिबपीक्यू सापडत नाही अशा लाल ओळी दाखवतं. पोस्टग्रेसक्यूएल वापरत नसाल तर त्या सोडून द्या, पण ते अर्धवट ड्रायव्हर बंडलमधून काढून टाका.

ओटूलच्या ‘एल’ (मोठ्या लिपीतलं, एका जोडरेघेसह) पर्यायाने प्रत्येक बायनरी तपासा. कुठेही होमब्रूचा (मॅकवरचा पॅकेज मॅनेजर) पत्ता (ॲपल सिलिकॉनवर ऑप्ट/होमब्रू, इंटेलवर यूएसआर/लोकल) उरता कामा नये. उरला तर तुमच्या मशीनवर क्यूटीच्या दोन प्रती एकदम लोड होतात आणि ‘क्लास दोन ठिकाणी आहे’ अशा ओळींचा पाऊस पडतो. दुसऱ्याच्या मशीनवर प्रोग्राम सुरूच होत नाही.

सही सगळ्यात शेवटी. पत्ते बदलले की आधीची सही मोडते, आणि ॲपल सिलिकॉनवर मोडक्या सहीची बायनरी सिस्टम तत्काळ मारते. क्रम असा: डिप्लॉय, मग आतून बाहेर सही (आधी लायब्ररी आणि प्लगइन्स, शेवटी बंडल) हार्डन्ड रनटाइमसह, मग डीएमजी, मग नोटरीटूलने ॲपलकडे पाठवणं, मग स्टेपलरने पावती चिकटवणं. नोटरायझेशनसाठीचं जुनं ऑलटूल १ नोव्हेंबर २०२३ पासून बंद आहे, त्यामुळे जुन्या स्क्रिप्ट इथेच अडकतात.

लिनक्सवर एकच फाइल सगळीकडे चालेल असं करता येतं का?

बऱ्याच अंशी, ॲपइमेजने (लागणाऱ्या लायब्ररी पोटात घेतलेली एकच चालवायची फाइल). लिनक्सडिप्लॉयला ॲपडीआयआर, प्रोग्राम, .डेस्कटॉप फाइल आणि आयकॉन द्या, ‘प्लगइन’ला क्यूटी आणि ‘आउटपुट’ला ॲपइमेज. एकाहून जास्त क्यूटी असतील तर क्यूमेक या व्हेरिएबलमध्ये हव्या त्या क्यूमेकचा पत्ता घाला. .डेस्कटॉप फाइलीतलं आयकॉनचं नाव आणि आयकॉन फाइलीचं नाव जुळलं पाहिजे.

सगळ्यात मोठी मेख जीलिबसीची, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची. लिबसी ॲपइमेजमध्ये घालत नाहीत, ती सिस्टमच्या लोडरशी बांधलेली असते. लिबजीएल ग्राफिक्स ड्रायव्हरशी. हे टूल अशा लायब्ररी मुद्दाम वगळतं. परिणाम असा की नव्या सिस्टमवर बिल्ड केलेला प्रोग्राम जुन्यावर ‘जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’ म्हणून थांबतो. उबुंटू २०.०४ मध्ये २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५, २४.०४ मध्ये २.३९. जी सर्वात जुनी सिस्टम सांभाळायची तिच्याच कंटेनरमध्ये बिल्ड करा. जुन्यावरचं नव्यावर चालतं, उलट नाही.

बाकीच्या ठेचा: क्यूटी ६.५ पासून एक्ससीबी प्लगइनला लिबएक्ससीबी-कर्सर० लागते, बिल्ड मशीनवर ती नसेल तर पॅकेजमध्येही येत नाही. ‘.आरईएलआर.डायन’ विभागाबद्दल स्ट्रिप तक्रार करत असेल तर टूलसोबतचं स्ट्रिप जुनं आहे, नो_स्ट्रिपला १ द्या. उबुंटू २२.०४ पासून लिबफ्यूज२ आधीपासून बसवलेली नसते, त्यामुळे ॲपइमेज उघडत नाही. ती इन्स्टॉल करा किंवा ‘ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन’ पर्यायाने चालवा.

हाताने पॅकेज करत असाल तर रनपाथला (बायनरीत लिहिलेला, लायब्ररी शोधण्याचा पत्ता) डॉलर-ओरिजिन धरून सापेक्ष पत्ता द्या आणि एक लक्षात ठेवा: रनपाथ फक्त त्या बायनरीच्या थेट लायब्ररींना लागू होतो, त्या लायब्ररींच्या लायब्ररींना नाही. जुना आरपाथ त्यांनाही लागू होत असे. म्हणून पॅचएल्फने प्रत्येक .एसओ फाइलीला स्वतःचा रनपाथ द्यावा लागतो.

मराठी इंटरफेस असेल तर वेगळं काही पाठवावं लागतं का?

हो, चार गोष्टी. तुमची .क्यूएम भाषांतरं टूल आणत नाही, ते फक्त क्यूटीची आणतं. तुमची रिसोर्समध्ये घाला. फॉन्ट: विंडोज १० वर निर्मला यूआय असतोच, पण मंगल हा ऐच्छिक फॉन्टसंचात गेला आहे, तेव्हा कोडमध्ये मंगलचं नाव पक्कं करू नका. लिनक्सवर देवनागरी फॉन्ट असेलच असं नाही. नोटो सान्स देवनागरी मुक्त परवान्यात आहे, तो सोबत द्या आणि ॲडॲप्लिकेशनफॉन्टने लोड करा.

लिनक्सवर अक्षरं दिसतात पण आयबसवरून (लिनक्सवरची टायपिंगची यंत्रणा) मराठी टाइप होत नाही, अशी तक्रार आली तर प्लॅटफॉर्मइनपुटकॉन्टेक्स्ट्स फोल्डरात आयबसचं प्लगइन आहे का बघा. हाताने केलेल्या पॅकेजमध्ये ते हमखास राहून जातं.

चौथी गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. विंडोजवर देवनागरीला एएनएसआय कोडपेज नाही. वापरणाऱ्याचं खातं किंवा फोल्डर मराठी नावाचं असेल तर क्यूटी ते नीट हाताळतं, पण सोबत पाठवलेली एखादी सी लायब्ररी साध्या एफओपनने फाइल उघडत असेल तर तिला तो पत्ता कळूच शकत नाही. लायब्ररी बरोबर पोचली, तरी ‘फाइल सापडली नाही’ येतं. उपाय दोन: फाइल क्यूफाइलने वाचून मेमरीतून लायब्ररीला द्या, किंवा मॅनिफेस्टमध्ये ॲक्टिव्हकोडपेज यूटीएफ-८ करा. हे दुसरं विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून चालतं.

फोल्डर चालतं, पण इन्स्टॉलरने बसवल्यावर चालत नाही.

इन्स्टॉलरने उपफोल्डरं घेतली नाहीत. इनो सेटअपमध्ये (इन्स्टॉलर बनवणारं टूल) फाइल्सच्या ओळीत रिकर्ससबडिअर्स हा फ्लॅग लागतो. नाहीतर वरच्या डीएलएल तेवढ्या जातात आणि प्लॅटफॉर्म्स मागे राहतं. आवृत्ती अद्ययावत करताना जुन्या डीएलएल आधी पुसा; ६.५ ची राहिलेली प्लगइन्स ६.८ च्या कोरशेजारी असली की वेगळाच घोळ.

पाठवण्याआधी तपासायचं कसं?

आपल्या मशीनवर तपासणं म्हणजे तपासणं नव्हे, तिथे पाथमध्ये सगळं आहे. विंडोज प्रो किंवा एंटरप्राइज असेल तर विंडोज सँडबॉक्स चालू करा: दर वेळी कोरं विंडोज मिळतं, बंद केलं की पुसलं जातं. सँडबॉक्समध्ये नुसती खिडकी उघडली म्हणून खूश होऊ नका. मागाहून लोड होणारी प्रत्येक गोष्ट एकेकदा हलवा: जेपीईजी चित्र उघडा, डेटाबेसशी जोडणी करा, एक एचटीटीपीएस विनंती पाठवा, छपाईचा संवाद उघडा, क्यूएमएलची प्रत्येक स्क्रीन बघा. घाई असेल तर आपल्याच मशीनवर पाथ फक्त सिस्टम३२ एवढा ठेवलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून प्रोग्राम चालवा आणि प्रोसेस एक्सप्लोररमध्ये लोड झालेल्या डीएलएलचे पत्ते वाचा. विंडोजच्या फोल्डरांबाहेरची आणि तुमच्या फोल्डराबाहेरची एकही डीएलएल तिथे दिसली, तर तीच ग्राहकाकडे कमी पडणार आहे.